पंच म्हणून पहिल्यांदाच निवडून आलात? मग इथून सुरुवात करा

गोव्यात पंच, म्हणजे ग्रामपंचायतीचा सदस्य, होणे म्हणजे काय, हे निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच कळते. गळ्यातला हार अजून सुकलेला नसतो आणि दारात माणसे येऊन उभी असतात. कुणाच्या रस्त्यावरचा दिवा बंद आहे, कुणाच्या घरामागचा व्हाळ (ओढा) तुंबला आहे, शेजाऱ्याने कुंपण चार हात पुढे सरकवले आहे, आजीचे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे थांबले आहेत. आता आपला माणूस पंचायतीत आहे, तो सांगेल आणि काम होईल, असे प्रत्येकाला वाटते.

नवा पंचही मग सांगत सुटतो. 'करतो', 'बघतो', 'फोन लावतो'. पण एकट्या पंचाला कुणालाही हुकूम सोडण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही. अधिकार आहे तो पंचायत मंडळाला, आणि मंडळ बोलते ते ठरावातून. तुम्ही कितीही धावपळ केलीत तरी जे सभेत मांडले नाही, इतिवृत्तात आले नाही आणि ज्याचा पाठपुरावा झाला नाही, ते सरकारदरबारी घडलेलेच नसते. ग्रामसभेत खाली बसून आणि पुढे पंचायतीच्या टेबलापाशी बसून, दोन्हीकडून मी हे पाहिले आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच गोष्टीभोवती फिरतात.

पायरी १: आपण कुठे बसलो आहोत ते समजून घ्या

१९९३ साली लागू झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीनंतर गोव्याने १९९४ मध्ये स्वतःचा पंचायतराज कायदा केला. राज्य लहान असल्यामुळे इथे मधला थर, म्हणजे तालुका पंचायत, नाही. गावाला ग्रामपंचायत आणि वर जिल्हा पंचायत, एवढेच. राज्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. लोकसंख्येनुसार पंचायतीत ५, ७, ९ किंवा ११ पंच असतात, आणि किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव असतात. मुदत पाच वर्षांची. पंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचे चिन्ह नसते, जिल्हा पंचायतीला असते. प्रचारात पक्षांचे लोक मागे उभे असतातच, पण निवडून आलेला पंच कायद्याने कुठल्याही पक्षाचा नसतो. ही मोकळीक फार मोलाची आहे, ती पहिल्या आठवड्यातच कुणाच्या पायाशी ठेवू नका.

सरपंच आणि उपसरपंच पंचांमधूनच निवडले जातात. सात जणांच्या पंचायतीत चौघे एकत्र आले की सरपंच होतो, आणि त्यातला एक फुटला की अविश्वास ठराव येतो. गोव्यात हे इतक्यांदा घडते की काही गावांत एकाच मुदतीत तीन-तीन सरपंच होऊन जातात. प्रत्येक वेळी महिना-दोन महिने कामे ठप्प. गटबाजीपासून पूर्ण दूर राहणे जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण दोन गोष्टी पाळा: तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही करू नका, आणि सरपंचपदाच्या वाटणीचा शब्द देताना त्या बदल्यात गावाचे कुठले काम होणार आहे, तेही विचारा.

पायरी २: पहिल्या पंधरवड्यात कागद मागा

शपथविधी झाला की सचिवाकडे लेखी पत्र देऊन पुढील कागद पाहायला मागा: गेल्या वर्षभराची इतिवृत्ते, चालू अंदाजपत्रक, घरपट्टीची थकबाकी, प्रलंबित बांधकाम अर्जांची यादी, बेकायदेशीर बांधकामांच्या तक्रारींची यादी, आणि न्यायालयात किंवा पंचायत उपसंचालकांपुढे चालू असलेली प्रकरणे. शेवटची यादी कुणी सहसा मागत नाही, आणि गावाचा बराच पैसा व वेळ तिथेच जात असतो.

सोबत नकाशे. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये आपला गाव कसा दाखवला आहे, कुठे वस्ती, कुठे शेती, कुठे बागायत, कुठे डोंगरउताराची ना-विकास जमीन, हे एकदा नीट बघून घ्या. आपल्या प्रभागाचा सर्व्हे नकाशा घेऊन पायी फिरा. कागदावरचा व्हाळ जागेवर आहे का, पायवाट कुणाच्या कुंपणात गेली आहे का, मानशीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) फळी शाबूत आहे का, हे फिरल्याशिवाय कळत नाही.

सचिवाशी भांडणाने सुरुवात करू नका. तो सरकारी नोकर आहे, पंचायतीची दप्तरे त्याच्या ताब्यात असतात, ठरावांची अंमलबजावणी त्याने करायची असते, जन्म-मृत्यूची नोंद तोच करतो, आणि माहिती हक्काच्या अर्जाला उत्तर द्यायची जबाबदारीही त्याचीच. काही सचिवांकडे दोन पंचायतींचा ताबा असतो. तो कुठल्या दिवशी आपल्याकडे बसतो ते विचारून घ्या आणि लोकांना त्याच दिवशी पाठवा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

पायरी ३: कुठले काम कुणाचे, याची वही करा

लोक सगळे काही पंचाला सांगतात, कारण पंच जवळ असतो. तुम्हाला मात्र माहीत हवे की नळाचे पाणी हे सरकारच्या पाणीपुरवठा यंत्रणेचे काम, वीज वीज खात्याचे, मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे, आणि नदी, मोठे नाले व त्यांचे बांध बहुतेक वेळा जलस्रोत खात्याचे. जमिनीच्या नोंदी, कूळ आणि मुंडकार (जमीनमालकाच्या जमिनीत घर बांधून राहणारे) यांची प्रकरणे मामलेदाराकडे. झाड तोडायची परवानगी वन खात्याकडून, ती १९८४च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली. डोंगरकापणी आणि सखल जमिनीत भराव यांसाठी नगर नियोजन खात्याची परवानगी लागते. किनाऱ्यालगतचे बांधकाम असेल तर किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरण मध्ये येते. रात्री दहानंतरचा ध्वनिक्षेपक पोलिसांच्या अखत्यारीत.

आणि कोमुनिदाद. बाहेरून येऊन गावात स्थायिक झालेल्यांना, कधी कधी नव्या पंचांनाही, वाटते की गावची मोकळी जमीन म्हणजे पंचायतीची जमीन. तसे नाही. कोमुनिदाद ही पोर्तुगीज अमदानीच्याही आधीच्या गावकरी व्यवस्थेतून आलेली वेगळी संस्था आहे, तिचे गावकार वेगळे, तिची सभा वेगळी. पंचायतीला मैदान, स्मशानभूमी किंवा कचऱ्याची शेड हवी असेल तर बऱ्याच गावांत कोमुनिदादपुढेच जावे लागते. त्या मंडळींशी बोलणे सुरुवातीपासून चालू ठेवा. गरज पडल्यावर पहिल्यांदा त्यांच्या दारी गेलात तर उत्तर काय येईल ते सांगायला नको.

वहीत प्रत्येक खात्याच्या पुढे आपल्या भागाच्या कनिष्ठ अभियंत्याचे किंवा कारकुनाचे नाव आणि कार्यालयीन क्रमांक लिहा. तक्रार आली की आपल्या हाताने अर्ज लिहून न देता तक्रारदाराकडून लिहून घ्या, त्याची पोच घ्यायला सांगा, आणि त्याच विषयावर पंचायतीचे पत्र त्या खात्याला जाईल असे बघा. तक्रारदाराचा अर्ज आणि पंचायतीचे पत्र अशी जोडी गेली की फाईल हलते.

पायरी ४: पाक्षिक सभा

पंचायत मंडळाची सभा दर पंधरवड्याला व्हायला हवी. नव्या पंचाने सगळ्यात जास्त मेहनत घ्यायची ती इथे. विषयपत्रिका आली की ती वाचा, आणि सभेच्या आदल्या दिवशी पंचायतीत जाऊन तिच्यावरच्या फायली बघून या. सभा चालू असताना अर्ध्या तासात वीस फायली पुढे सरकतात. आधी न वाचलेल्या माणसाला मान हलवण्यापलीकडे काही करता येत नाही.

आपला विषय घ्यायचा असेल तर तो सरपंचांना लेखी द्या आणि विषयपत्रिकेत घालायला सांगा. 'आयत्या वेळचे विषय' या सदरात मांडलेल्या गोष्टीचा बहुधा फक्त उल्लेख होतो.

ठराव कसा लिहायचा, ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते पंचाची खरी कसोटी इथे लागते. पुष्कळ इतिवृत्तांत असे वाक्य सापडते: 'वॉर्ड क्र. ४ मधील गटाराच्या समस्येवर चर्चा झाली व योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले.' या वाक्यातून काहीही निघत नाही. कुठले गटार? कुणी करायचे? कधी? पैसा कुठला? पुढच्या पावसाळ्यात तेच गटार तुंबते आणि तेच वाक्य पुन्हा लिहिले जाते. आता हे बघा:

'वॉर्ड क्र. ४ मधील देऊळवाडा ते प्राथमिक शाळा या रस्त्याच्या डाव्या बाजूचे सुमारे १२० मीटर गटार गाळाने भरले असून पावसाचे पाणी रस्त्यावर येते. सदर गटार साफ करण्याचे अंदाजपत्रक पुढील पाक्षिक सभेपूर्वी तयार करून सभेपुढे ठेवावे. खर्च पंचायत निधीतून करावा. कार्यवाही सचिवांनी करावी. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. ठराव एकमताने मंजूर.'

जागा, माप, मुदत, पैसा, जबाबदार माणूस. या पाच गोष्टी असल्या की पंधरा दिवसांनी तुम्ही विचारू शकता, 'त्या अंदाजपत्रकाचे काय झाले?' आणि उत्तर द्यावेच लागते.

पुढच्या सभेत मागच्या सभेचे इतिवृत्त कायम होते. ते वाचल्याशिवाय सही करू नका. तुम्ही विरोध केला होता आणि इतिवृत्तात 'एकमताने' लिहिले असेल तर तिथल्या तिथे दुरुस्ती मागा, कारण उद्या प्रकरण न्यायालयात गेले तर त्या 'एकमताने'मध्ये तुम्हीही आहात. विरोध नोंदवायचा तर कारणासह नोंदवा: 'रूपांतरण सनदेतील (बिगरशेती परवान्यातील) क्षेत्र आणि नकाशातील क्षेत्र जुळत नाही, म्हणून माझा विरोध.' नुसता 'विरोध' हा शब्द कुणाच्याच कामाला येत नाही.

महिला पंचांसाठी दोन शब्द, कळकळीने. तुमच्या खुर्चीमागे उभे राहून तुमचा नवरा, दीर किंवा मुलगा बोलू लागला तर त्याला बाहेर बसायला सांगा. सभेत बसायचा आणि मत द्यायचा अधिकार फक्त निवडून आलेल्या सदस्याला आहे. सुरुवातीला वाचायला अवघड जाते, इंग्रजी कागद डोक्यावरून जातात, ते पुरुष पंचांचेही जातात. सचिवाला मराठीत किंवा कोकणीत समजावून सांगायला लावा, ते विचारण्यात कमीपणा नाही. पाण्याच्या नळापासून अंगणवाडीच्या छपरापर्यंत गावाचा रोजचा व्यवहार बायकांइतका कुणाला ठाऊक नसतो, आणि त्या बोलू लागल्या की सभेतला विषय कुंपणाच्या भांडणावरून पाण्यावर येतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पायरी ५: बांधकामाची फाईल वाचायला शिका

गोव्यातल्या पंचायतीत सगळ्यात जास्त ताण, मोह आणि भांडणे असतात ती बांधकाम परवान्यांवरून. पंचायतराज कायद्याच्या कलम ६६खाली गावात बांधकामाचा परवाना पंचायत देते. पण त्याआधी अर्जदाराने बरेच कागद आणलेले असतात: मालकीचे कागद, एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा), सर्व्हे नकाशा, जमिनीची रूपांतरण सनद, नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आरोग्य खात्याचा ना हरकत दाखला, अभियंत्याचा दाखला.

फाईल हातात आली की जाड कागदांना घाबरू नका. आधी सर्व्हे क्रमांक सगळ्या कागदांवर एकच आहे का ते बघा. मग सनदेतील क्षेत्र आणि नकाशातील भूखंडाचे क्षेत्र जुळते का. नकाशात दाखवलेला रस्ता जागेवर तेवढा रुंद आहे का, आणि तो कुणाच्या जमिनीतून जातो. शौचालयाचे सांडपाणी कुठे जाणार, शोषखड्डा शेजाऱ्याच्या विहिरीपासून किती लांब आहे. पावसाचे पाणी पूर्वी कुठून वाहत होते आणि इमारत झाल्यावर कुठून वाहणार. तांत्रिक मंजुरीच्या पत्रात शेवटी बारीक अक्षरांत अटी असतात, त्या मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. जागेवर जाऊन पाहणी करा, एकटे जाऊ नका, दुसरा पंच आणि सचिव बरोबर घ्या, आणि पाहणीचा अहवाल लेखी करा.

अर्जावर पंचायतीने ३० दिवसांत निर्णय घ्यायचा असतो. दाबून ठेवणे हा पर्याय नाही, त्याने अर्जदाराला वर दाद मागायचा रस्ता मोकळा होतो आणि गावाचे म्हणणे ऐकलेच जात नाही. नाकारायचे असेल तर कायद्यात बसणारे कारण लिहा. 'गावकऱ्यांचा विरोध आहे' एवढे कारण वरच्या अपिलात टिकत नाही. 'दाखवलेला सहा मीटरचा रस्ता जागेवर तीन मीटर आहे, पाहणी अहवाल सोबत जोडला आहे' हे टिकते. मोठे प्रकल्प रोखू पाहणाऱ्या अनेक गावांचे प्रयत्न भावनेच्या भरात केलेल्या मोघम ठरावांमुळे वाया गेले आहेत. गावाची तळी, शेते, टेकड्या वाचवायच्या असतील तर मोजपट्टी आणि नकाशा घेऊन लढावे लागते. जमिनीचा विभाग बदलण्याच्या अर्जांच्या सूचनाही राजपत्रात येतात आणि हरकतींना ठरावीक मुदत असते. आपल्या गावाचे नाव त्यात आहे का, हे पाहायचे काम एखाद्या तरुण पंचाने अंगावर घ्यावे.

बेकायदेशीर बांधकामाची तक्रार आली तर क्रम असा: नोंद, पाहणी, काम थांबवण्याची नोटीस, कारणे दाखवा नोटीस, म्हणणे ऐकून घेणे, मग आदेश. यातली एक पायरी चुकली की प्रकरण अपिलात कोसळते. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने बेकायदेशीर बांधकामांची स्वतःहून दखल घेऊन पंचायती, पालिका आणि इतर यंत्रणांना कारवाईचे निर्देश दिले, तेव्हापासून 'आम्हाला माहीत नव्हते' हे उत्तर चालेनासे झाले आहे. लोकांना एक गोष्ट मात्र शांतपणे समजावून सांगत राहा: घरपट्टी भरली म्हणून घर कायदेशीर ठरत नाही. घरपट्टी हा कर आहे, परवाना नव्हे. गरिबाचे जुने घर आणि बाहेरच्या व्यावसायिकाने शेतात उभे केलेले काँक्रीट यांत फरक आहे, पण तो फरक कायद्याने नियमित करण्याच्या ज्या वाटा दिल्या आहेत त्यांतूनच दाखवायचा, नोटिशीकडे डोळेझाक करून नव्हे.

पायरी ६: ग्रामसभेला घाबरू नका

पंचायतीच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये रविवारी नियमित ग्रामसभा, शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबर या दिवसांच्या अनुषंगाने विशेष ग्रामसभा. मतदारांनी लेखी मागणी केली तर आणखीही घेता येते. जमाखर्च, अंदाजपत्रक, विकासकामांची यादी, योजनांचे लाभार्थी हे सगळे ग्रामसभेपुढे येते. ग्रामसभेने कायद्याला धरून घेतलेला निर्णय पंचायत मंडळाने बाजूला ठेवायचा नसतो.

किनारपट्टीवरच्या गावांत ग्रामसभा कधी कधी चार-पाच तास चालते. आवाज चढतात. तावातावाने कोकणीत प्रश्न, मराठीत इतिवृत्त आणि इंग्रजीत कायदा, अशी तिन्ही भाषांची सरमिसळ होते. नवा पंच अशा वेळी सरपंचांच्या मागे मान खाली घालून बसतो. तसे करू नका. तुमच्या प्रभागाचा प्रश्न आला तर उठून उत्तर द्या. माहिती नसेल तर 'पुढच्या सभेला कागद घेऊन येतो' असे सांगा आणि ते इतिवृत्तात लिहायला लावा. मागच्या ग्रामसभेच्या प्रत्येक ठरावावर काय झाले, याचा एक पानी अहवाल सुरुवातीलाच वाचला तर अर्धा गोंधळ होतच नाही. जे लोक सभेत प्रश्न विचारून हैराण करतात, तेच पुष्कळदा गावची जुनी कागदपत्रे जपून ठेवणारे असतात. सभा संपल्यावर त्यांच्याशी बोला. अशा एका म्हाताऱ्या शिक्षकांच्या कपाटातून निघालेल्या जुन्या सर्व्हे नकाशामुळे आमच्या भागातली बुजत चाललेली तळी परत नोंदीवर आली.

पायरी ७: पैसा

पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, व्यवसाय परवान्यांचे शुल्क, बांधकाम परवाना शुल्क, जाहिरात फलक, आणि बाजारात व जत्रेत बसणाऱ्या विक्रेत्यांकडून घेतला जाणारा सोपो. सोपोची पावणी (लिलाव) होते तेव्हा स्वतः हजर राहा. ठेकेदाराने ठरलेल्या दरापेक्षा जास्त घेऊ नये म्हणून दरफलक बाजारात लावून घ्या. भाजीची पाटी घेऊन बसलेली बाई पंचायतीला प्रत्यक्ष भेटते ती त्या पावतीतून.

बाकी पैसा राज्य सरकारची अनुदाने आणि केंद्रीय वित्त आयोग यांच्याकडून. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण संस्थांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधून दिला होता. म्हणजे त्या भागातून सभामंडप बांधता येत नव्हता. कुठल्या निधीला कुठले बंधन आहे, हे काम सुचवण्याआधी विचारा. दरवर्षी ग्रामपंचायत विकास आराखडा तयार होऊन ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो. तो घाईघाईत मागच्या वर्षाची नक्कल करून भरला जाऊ नये यासाठी आपल्या प्रभागातली कामे आधीच क्रमवार लिहून द्या. कुठल्याही कामाचे बिल मंजुरीला आले की काम बघून या, मगच हात वर करा.

पायरी ८: कचरा

पर्यटनाच्या गावांना हा विषय टाळता येत नाही, आणि आता पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुणालाच टाळता येत नाही. घरोघर वर्गीकृत कचरा गोळा करणे हे पंचायतीचे काम. सुका कचरा प्रकारानुसार वेगळा करून साठवायला एमआरएफ (मटेरियल रिकव्हरी फॅसिलिटी) शेड लागते, ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो गावातच. साळगाव आणि काकोडा इथे सरकारचे मोठे प्रकल्प आहेत, पण गावाने न वेगळवता सगळा कचरा एका पिशवीत भरून पाठवायचा म्हटले तर ते पुरे पडत नाहीत.

सुरुवात आपल्या प्रभागातल्या काळ्या ठिपक्यांपासून करा, म्हणजे जिथे लोक रात्री पिशव्या टाकून जातात त्या जागा. कचरा गोळा करणाऱ्या कामगारांबरोबर एकदा सकाळी फिरा. कुठल्या हॉटेलातून वेगळवल्याशिवाय येतो, कुठल्या भाड्याच्या खोल्यांकडे गाडी थांबतच नाही, हे त्यांना पाठ असते. त्यांना हातमोजे, गमबूट आणि वेळेवर पगार मिळतो का, हेही त्याच फेरीत विचारा.

पायरी ९: योजना, दाखले आणि स्वतःची सही

दयानंद सामाजिक सुरक्षा, गृह आधार, लाडली लक्ष्मी यांची मंजुरी पंच देत नाही, संबंधित खाते देते. तुमचे काम अर्ज नीट भरून घेणे आणि हयातीच्या दाखल्याची तारीख लोकांना आठवण करून देणे. ऑक्टोबर २०२०मध्ये सुरू झालेल्या स्वयंपूर्ण गोवा उपक्रमात प्रत्येक पंचायतीला स्वयंपूर्ण मित्र म्हणून सरकारी अधिकारी नेमला गेला, त्याचा या कामी उपयोग करून घ्या.

ज्याला ओळखत नाही त्याच्या कागदावर सही करू नका. पंचायतीच्या कुठल्याही कंत्राटात तुमचा प्रत्यक्ष किंवा आडून वाटा असेल तर सदस्यत्व जाऊ शकते. तुमच्या किंवा नातेवाइकाच्या जमिनीचा विषय आला तर तसे सांगून सभेबाहेर जा आणि ते लिहून घ्या. परवानगीशिवाय ओळीने सभा चुकवल्यास तेही पदावर बेतते. आपली घरपट्टी वेळेवर भरा, आणि निवडणूक खर्चाचा हिशेब अजून दिला नसेल तर आजच द्या.

नगरपालिकेत निवडून आला असाल तर चौकट थोडी वेगळी: १९६८चा नगरपालिका कायदा, नगराध्यक्ष, आणि सचिवाऐवजी मुख्याधिकारी. पणजीला स्वतंत्र महापालिका आहे, तिचा कायदा २००२चा, तिथे आयुक्त. ग्रामसभा तुमच्याकडे नाही, त्यामुळे प्रभागातल्या लोकांना वर्षातून दोनदा तरी स्वतः बोलावून बसवा. ठराव, इतिवृत्त, फाईल यांविषयी वर सांगितले ते जसेच्या तसे लागू.

पायरी १०: वर्ष आखून घ्या

जुन्या गोव्यात एला इथे गोवा लोकप्रशासन व ग्रामीण विकास संस्था आहे, तिथे पंचांसाठी प्रशिक्षण होते. बोलावणे आले की जा, आणि आपल्या गावच्या एका अडलेल्या प्रकरणाची प्रत बरोबर न्या, म्हणजे प्रश्न नेमका विचारता येतो.

मग भिंतीवर वर्ष मांडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाड्यावाड्यावर घरपट्टीसाठी बसा. एप्रिलच्या ग्रामसभेत नव्या वर्षाची कामे. मे महिना संपायच्या आत गटारे, व्हाळ आणि तारांवर आलेल्या फांद्या, त्यासाठी वीज खाते आणि जलस्रोत खात्याला पत्रे एप्रिलमध्येच गेलेली हवीत. जून ते सप्टेंबर पाणी कुठे साचते त्याचे तारीख घातलेले फोटो काढून ठेवा, पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाला तोच आधार. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की रस्त्यांची पाहणी आणि विकास आराखड्यासाठी प्रभागाची यादी. डिसेंबरमध्ये १९ तारखेनंतरच्या विशेष ग्रामसभेत तुमच्या प्रभागाचे वर्षभरातले ठराव क्रमांकासह वाचून दाखवा: कुठला पूर्ण झाला, कुठला अडला, आणि अडलेल्याची फाईल आज कुणाच्या टेबलावर आहे.